आपल्या गांवचीं माणसें
(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या घरांतील फोटोंचा जुना आल्बम आपण अधूनमधून काढून पाहत असाल. त्यांत काय असतें? मुंजीचा बटु, बोहल्यावरील वधूवर, बारशाचा पाळणा, महाबळेश्वरची सहल, पदवीचा झगा घातलेला थोरला मुलगा. तीस-चाळीस वर्षांचा संसार त्या पानांवर मांडलेला असतो. परंतु ज्या बंबाच्या पाण्यानें तें सारें घर इतकीं वर्षें न्हालें, तो बंब घडविणारा तांबट त्यांत कोठेंच नसतो. दिवाळीच्या आधीं दारापुढें भट्टी मांडून भांड्यांना कल्हई करून जाणारा नसतो, सुपें विणणारी बुरुडीण नसते, लग्नघरांतील साऱ्या बायकांना चुडा भरणारा कासारही नसतो. चुडा मात्र प्रत्येक फोटोंत असतो!

ही उणीव माझ्या ध्यानांत आली ती एका गळक्या बंबामुळें. आमच्या घरीं आजीच्या वेळचा तांब्याचा बंब आहे. तो बुडाशीं गळूं लागला, तेव्हां तो घेऊन मी पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत गेलों. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. येथील तांबटांचीं घराणीं पेशवाईच्या काळांत कोंकणांतून आलीं, असें सांगतात. ही आळी डोळ्यांना दिसण्यापूर्वीं कानांना ऐकूं येते. वळणावरून आंत शिरण्याआधींच ठोक्यांचा नाद सुरू होतो. एक जाड, एक बारीक, एक दूर, एक जवळ. छायाचित्राला कान नसतात, ही त्याची मोठीच उणीव होय. आणि त्या बाबतींत नभोवाणीचें भाग्य थोर आहे.

ज्या कारागिरानें आमचा बंब हातीं घेतला, ते वयानें सत्तरीच्या घरांतले होते. उंबऱ्याच्या आंत, खालीं बसून, एका घंगाळावर ते काम करीत होते. दारांतून येणारा सकाळचा तिरपा उजेड तांब्यावर पडत होता व तेथून परतून त्यांच्या चेहऱ्यावर येत होता. मला तें दृश्य फार जुनें, फार सुंदर वाटलें. आणि तेथेंच माझी पहिली चूक झाली. मीं त्या दृश्यांतलें जुनेपण पाहिलें, माणूस पाहिला नाहीं.

पुढच्या आठवड्यांत मी कॅमेरा घेऊन गेलों. परवानगी मागितली, ती त्यांनीं हंसून दिली. मग मीं माझी व्यवस्था सुरू केली. भिंतीवरचें कालदर्शक उतरविलें, विजेचा दिवा बाजूस केला, प्लॅस्टिकची बादली व मोबाईल फोन दृष्टीआड ठेवला. घरच्या पेटींतून एक लाल पगडी मीं मुद्दाम आणली होती, ती त्यांच्या मस्तकावर ठेवली. त्यांच्या अंगांत विजार व गंजीफ्रॉक होता. त्यावर एक उपरणें घातलें. "काका, हातोडा असा उंच धरा आणि जरा हलूं नका," असें सांगून मीं फोटो घेतला. चित्र सुरेख उतरलें. मित्रमंडळींनीं वाहवा केली. "अगदीं जुनें पुणें!" असें एकजण म्हणाला, आणि मला तें भूषण वाटलें.

मोठी प्रत करून मी ती काकांना नेऊन दिली. त्यांनीं ती मांडीवर ठेवून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "फोटो झकास आहे, साहेब. पण हा मी नव्हे. पगडी आमच्या आजोबांनीं घातली असेल. मीं नाहीं घातली. आणि हातोडा असा उगारला, तर पत्र्याला पोचा येईल. हा फोटो इथं लावला, तर आळीतले लोक हंसतील."

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. पण मी घरीं परतलों तो वरमूनच. आपण एका माणसाचें चित्र काढावयास गेलों, आणि त्याच्याकडूनच त्याच्या आजोबांचें सोंग करवून घेतलें, हें मला कळलें.

श्रोते हो, ही खोड माझी एकट्याची नाहीं; ती या कलेच्या आपल्याकडील बाल्यावस्थेपासून चालत आलेली आहे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हेही त्या मंडळांत होते. त्याच सुमारास विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकारानें मुंबईच्या नाना जातींच्या व नाना धंद्यांच्या लोकांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि १८६३ व १८६६ या सालीं त्यांचे दोन खंड प्रसिद्ध झाले. आज तीं चित्रें फार मोलाचीं आहेत. परंतु त्यांतील एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तीं माणसें एका ठिकाणीं उभीं करून त्यांचीं चित्रें घेतलेलीं असत, आणि मागचा देखावा दुसऱ्याच चित्रांतून आणून जोडलेला असे. माणूस एकीकडचा, भूमि दुसरीकडची! पुढें १८६८ ते १८७५ या काळांत हिंदुस्थानांतील लोकांविषयीं सरकारी साहाय्यानें आठ खंडांचा मोठा चित्रसंग्रह निघाला. त्यांतही माणूस आहे तो बहुतेक आपल्या जातीचा नमुना म्हणून. फुलपांखरें टांचणीनें टोंचून ठेवावीं, तशी ती मांडणी. तीं पानें पाहतांना पूर्वीं मला राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा राग येत असे. आतां मात्र त्या रागाबरोबर माझी ती लाल पगडीही आठवते.

पुन्हा आळींत गेलों तेव्हां कॅमेरा घरींच ठेवला. असा तीन-चार वेळां गेलों, नुसता बसलों. काम जाणल्याशिवाय कामकऱ्याचें चित्र काढतां येत नाहीं, हें मला तेथें उमगलें. तांब्याचा पत्रा कापून, वळवून, त्याला जोड देऊन भांड्याचा आकार करितात. तांबें ठोकूं लागलें म्हणजे तें कठीण होत जातें. मग तें आगीवर तापवून मऊ करावें लागतें, आणि पुन्हा ठोकावें लागतें. सर्वांत शेवटीं मठारकाम. भांडें आंतून आधारावर घेऊन बाहेरून हातोड्याचे लहान, सारखे ठोके एकाशेजारीं एक देत जावयाचे. त्या ठोक्यांचे जे चांदवे उमटतात, ते केवळ शोभेचे नसतात. त्यांनीं पत्रा घट्ट होतो, भांड्याला बळ येतें, आणि जातां जातां प्रकाशही तेथें खेळूं लागतो. हात थोडाच वर जातो, मनगट फारसें हालत नाहीं, दुसरा हात भांडें सतत फिरवीत असतो. मीं उगारावयास लावलेला तो हातोडा किती खोटा होता, हें तेव्हां समजलें.

मग एके सकाळीं काकाच म्हणाले, "आज यंत्र नाहीं आणलं?" दुसऱ्या दिवशीं नेलें. त्यांच्याच उंचीवर, खालीं बसून मीं चित्र घेतलें. उभें राहून घेतलें कीं माणूस खुजा दिसतो व पाहणारा आपोआप मोठा होतो; बसून घेतलें कीं दोघांचे डोळे एका रेषेंत येतात. या वेळीं कांहींही हलविलें नाहीं. चित्रांत गंजीफ्रॉक आहे, विजेचा दिवा आहे, कालदर्शक आहे, प्लॅस्टिकची बादली आहे, फोनही आहे. हातोडा हालत असल्यामुळें अस्पष्ट आला आहे. चेहरा मात्र स्थिर व स्पष्ट आहे. माझ्या मित्रांना हें चित्र पहिल्याइतकें आवडलें नाहीं. काकांनीं तें पाहिलें आणि मुलाला हांक मारली.

यानंतर मी गांवांत हिंडूं लागलों. कुंभारवाड्यांत गेलों, १८८६ सालीं उभारलेल्या मंडईच्या गाळ्यांपाशीं पहांटे उभा राहिलों, रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चांभारापासून कुलपें दुरुस्त करणाऱ्यापर्यंत अनेकांशीं बोललों. सर्वांत अधिक दमविलें तें एका कल्हईवाल्यानें. तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आंतून कथलाचा लेप द्यावयाचा, हीच कल्हई. भांडें निखाऱ्यांवर तापवितात, त्यांत नवसागराची पूड टाकितात, कथलाची कांडी टेंकवितात, आणि कापसाच्या बोळ्यानें एका हिसक्यांत तें कथील सर्वत्र फिरवितात. कथील २३२ अंशांवरच वितळतें; भांडें त्याहून फार तापलें तरी लेप बिघडतो. नवसागर पडतांच पांढऱ्या धुराचा लोट उठतो, आणि तो विरतो न विरतो तोंच काळवंडलेलें भांडें चांदीसारखें लखलखतें. हा सारा चमत्कार कांहीं क्षणांचा. धूर साधावा तर भांडें दिसत नाहीं. भांडें साधावें तर धूर गेलेला. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना कल्हई लागत नाहीं, म्हणून हा माणूस आतां क्वचितच दिसतो. भात्याच्या आवाजाला धांवून येणारीं मुलें कोठें आहेत, असें मीं त्याला विचारलें. तो म्हणाला, "मुलं येत्यात की. पण फोन घेऊन येत्यात."

आणि एका ठिकाणीं मला नकार मिळाला. तो मी आपणांस मुद्दाम सांगतों, कारण मिळालेल्या चित्रांहून त्यानें मला अधिक शिकविलें. एक वृद्ध बुरुडीण सूप विणीत बसली होती. बांबूच्या पिवळ्या पात्या तिच्या बोटांतून पाण्यासारख्या जात होत्या. मीं विचारलें, "मावशी, फोटो काढूं का?" ती मान वर न करितां म्हणाली, "नगं दादा. मागं एकानं असाच काढला, न्हेला, अन् छापला. खाली लिव्हलं, 'गरीब म्हातारी'. मी काय त्याच्याकडं मागाया गेल्ते व्हय?"

मीं कॅमेरा पिशवींत घातला. तिला कोणी लांबून, न विचारतां टिपलें असतें तर तिनें काय केलें असतें? कांहीं करूं शकली नसती. आणि म्हणूनच तें करूं नये. ज्याचा चेहरा आहे, त्याचाच त्यावर पहिला अधिकार. थोड्या वेळानें तीच म्हणाली, "सुपाचा काढ हवं तर. ते चांगलं झालंय." माझ्या संग्रहांत त्या सुपाचें चित्र आहे. कडेची वीण इतकी नेटकी आहे कीं, ती पाहून 'गरीब' हा शब्द कोणाच्या मनांत येणार नाहीं.

येथें नांवाचा प्रश्न येतो. जर्मनींत ऑगस्ट झांडर नांवाचा थोर छायाचित्रकार होऊन गेला. शेतकरी, पाथरवट, भटारी, विद्यार्थी, वकील अशा सर्व थरांतील माणसांना त्यानें सारख्याच आदरानें कॅमेऱ्यापुढें उभें केलें, आणि १९२९ सालीं त्यांतील साठ चित्रांचें पुस्तक काढलें. पुढें १९३६ सालीं नात्सी राजवटीनें त्या पुस्तकाचे छापण्याचे ठसे नष्ट केले. साध्या माणसांच्या चेहऱ्यांना एवढी सत्ता भ्याली, यावरून त्या चित्रांचें सामर्थ्य ध्यानांत यावें. तरीही त्या चित्रांखालीं बहुधा धंद्याचेंच नांव असे, माणसाचें नसे. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं 'गांवगाडा' या ग्रंथांत बलुतेदारांचीं कामें व हक्क बारकाईनें लिहून ठेवले. तें लेखणीचें काम होतें. लेखणी 'सुतार' असें लिहूं शकते आणि त्यांत सारे सुतार येतात. कॅमेऱ्याला तें जमत नाहीं. त्याच्यापुढें येतो तो एकच सुतार. त्याच्या भुवईवरचा व्रण त्याचा एकट्याचा असतो. मग त्याचें नांव तरी आपण कां गाळावें?

म्हणून मीं एक वही घातली आहे. प्रत्येक चित्राला क्रमांक. पुढें नांव, ठिकाण, तारीख, हातांतील हत्याराचें त्यानेंच सांगितलेलें नांव, आणि चित्र दुसऱ्यांना दाखविण्यास त्याची संमति आहे कीं नाहीं, तें. तांबटकाकांचें नांवही तेथें आहे. नभोवाणीवरून तें उच्चारण्याची परवानगी मीं मागितलेली नाहीं, म्हणून आज सांगत नाहीं.

आज आपल्यापैकीं बहुतेकांच्या खिशांत फोन आहे व फोनमध्यें कॅमेरा आहे. चित्रें काढणें पूर्वीं खर्चाचें होतें. आतां तें श्वासाइतकें सोपें झालें आहे. परंतु तीं चित्रें फोन बिघडला कीं नाहींशीं होतात, आणि ज्याचें चित्र काढलें त्याच्या हातीं तर कधींच पडत नाहींत. माझी विनंति एवढीच कीं, दूर जाऊं नका. जो आपल्या दारीं येतो, ज्याच्या दुकानावरून आपण रोज जातों, त्याच्यापासून आरंभ करा. आधीं बोला, मग विचारा, मग चित्र घ्या. कागदावर एक प्रत करून त्याला नेऊन द्या. ती देणगी नव्हे, तें देणें आहे. आणि दुसरी प्रत घरच्या आल्बममध्यें, मुंजीच्या व लग्नाच्या फोटोंशेजारीं लावा. ती जागा त्याचीच आहे.

तांबटकाकांनीं दुसरें चित्र दुकानांत लावलें आहे. मागच्या महिन्यांत गेलों तेव्हां तें खालीं उतरवून त्यांनीं मला त्याची मागची बाजू दाखविली. तेथें मीं पेन्सिलीनें लिहिलें होतें, 'घंगाळ ठोकतांना'. त्यांतील 'ठोकतांना' या शब्दावर रेघ मारून त्यांनीं आपल्या हातानें वर लिहिलें होतें, 'मठारतांना'. मीं तो शब्द वहींतही दुरुस्त करून घेतला.