एक फळी बदलायची होती

(शताब्दी सोहळ्यात आरमोरी येथे दिंडीच्या सामान-सेवेकऱ्यांतर्फे केलेले भाषण)





दोन दिवस इथे नामाची, कीर्तनाची गोष्ट झाली. आमच्याजवळ सांगायला फक्त ट्रकाची गोष्ट आहे. आम्ही सामानवाले. तुम्ही टाळ घेऊन चालता, आम्ही राहुट्या, कढया आणि पाण्याच्या टाक्या पुढच्या मुक्कामी नेतो.

आपला नाकाचा ट्रक सगळ्यांनी पाहिला आहे. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, त्याच घराण्यातला हा. करार १९६९ ला संपला, पण त्या घडणीच्या गाड्या पुढेही निघत राहिल्या. आपल्याकडे तो धानाच्या गिरणीतून आला.

त्या वर्षी आषाढीला दोन महिने होते. हौद्यातली एक फळी कुजली होती. मिस्त्री म्हणाला, एका दिवसाचं काम. फळी उचलली, तर खालच्या आडव्या चॅनलचे पापुद्रे हातात आले. दुसरी उचलली, तिथंही तेच. सांज होईस्तोवर अख्खा हौदा उघडा पडला. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आता फळी राहिली बाजूला. सगळा हौदा उतरवा लागते."

असं का झालं? लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरे. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. बांधीतला चिखल चासीच्या कोपऱ्यात बसला की महिनोन्‌महिने ओल धरतो. त्यात दरवर्षी मिठाचं पोतं फळीवर ठेवायचो, ते झिरपत गेलं. मिठानं गंज धावतच सुटतो. आणि आम्ही काय करत होतो? निघायच्या आठवड्यात वरून रंग मारत होतो. गाडी नवी दिसायची, हार घालायचो, नारळ फोडायचो.

बैठक बसली. कोणी म्हणे, वेल्डिंगचे ठिगळ मारा आणि चला. कोणी म्हणे, भंगारात द्या. तेवढ्यात चाकाचे ड्रम उघडले, आणि ब्रेकची नळी नखाने दाबली तरी दबत होती. स्वयंपाकातल्या एका आजीनं विचारलं, "का गा बाप्पा, याच गाडीसमोर आमची लेकरं चालत होती?" कोणाला उत्तर देता आलं नाही. त्या वर्षी ट्रक नेला नाही. भाड्याचा टेम्पो केला, माणशी एकच गाठोडं ठेवलं. ज्यांचे पाय चालत नव्हते, ते वडशाहून रेल्वेनं गेले. वारी झाली.

परत आल्यावर रोवणी आटोपून पोरं कामाला लागली. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. रात्री डिझेल लावून ठेवायचं, सकाळी पाना लावायचा. घाई केली की बोल्ट तुटायचा. चासीचे सैल रिव्हेट काढून नवे ठोकले. लोखंड तारेच्या ब्रशनं उजळेपर्यंत घासायचं आणि त्याच दिवशी रेड ऑक्साईड लावायचं. एक रात्र उघडं राहिलं तरी पुन्हा लाली धरते. ब्रेकच्या नळ्या साऱ्या बदलल्या. लाकूड वनविभागाच्या आगारातून पावतीनं घेतलं. पैसे नव्हते त्यांनी पायलीभर धान दिलं. चैत्रात गाडी उभी झाली, आरटीओची तपासणी झाली, मगच हार घातला.

आमच्यामागून जे ही सेवा घेतील, त्यांना तीन गोष्टी सांगतो. वारीहून आलं की आपले कपडे धुवायच्या आधी गाडीचं पोट धुवा. मीठ झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि सामानाच्या हौद्यात माणूस बसवू नका, कितीही थकला असला तरी. त्याची सोय वेगळी करा.

आणि एक आपल्या सगळ्यांसाठी. शताब्दीला आपण पताका नव्या केल्या, फलक रंगवले. चांगलं केलं. पण सर्वांत मागे चालणाऱ्या म्हातारीच्या पायाला फोड आले, तर औषध कोणाजवळ आहे? मुक्कामी बायांना आडोसा आहे का? दिंडीचीही एखादी फळी उचलून खाली पाहत जाऊ. दिसेल ते दुरुस्त करायला वेळ लागला, तर लागू द्या.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. रामकृष्ण हरी!