कबड्डी शिकविणाऱ्याने प्रथम काय शिकावे?



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्याने समोरच्या सतरंजीवर बसून ऐकावे, अशी रीत आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो, ते वाचनालयातील पुस्तकांनी आणि जिनिंगमधील कामगारांनी शिकविले. युनियनचे काम करता करता कामगारांच्या मुलांना कबड्डी शिकविण्याची जबाबदारी अंगावर पडली. ती आम्ही आनंदाने घेतली आणि पहिल्याच वर्षी वाईट रीतीने पार पाडली. ते कसे घडले, तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. आपल्याच वऱ्हाडातील अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. त्यामुळे आपला एक गोड समज झाला आहे, की हा खेळ शिकवावा लागतच नाही. मैदान आखले, शिट्टी फुंकली, की झाले! आमचाही समज तोच होता.

बारा वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्याकडे बावीस मुले आली. दिवाळीला नऊ उरली. आम्ही मुलांना दोष दिला; हल्लीच्या पोरांत दमच नाही, असे चारचौघांत बोलूनही दाखविले. मग एके दिवशी गळालेल्या मुलांपैकी एकाच्या घरी गेलो. चौदा वर्षांचा, अंगाने किरकोळ, पण पायाने चपळ मुलगा. का येत नाहीस, असे विचारले. खाली मान घालून तो म्हणाला, “काका, मी खेळाले येत होतो. रांगेत उभं राहाले नाही.”

मंडळी, कारखान्याच्या दारात मालकांनी आम्हांला पुष्कळ ऐकविले आहे. पण इतके झोंबणारे कोणी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही वही आणि घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला बसलो. नऊ मुलांचा सराव मोजला आणि बावीस मुले असताना काय होत असेल, याचा हिशेब मांडला. दीड तासाच्या सरावात वीस मिनिटे मैदानाभोवती फेऱ्या. पंधरा मिनिटे आमचे भाषण. उरली पंचावन्न मिनिटे. एका चढाईला, मुले पुन्हा जागेवर येईपर्यंत, सुमारे एक मिनिट लागते. म्हणजे बावीस जणांत चढाया पंचावन्न. सारख्या वाटल्या तरी प्रत्येकी अडीच. आणि सारख्या वाटतो कोण? चार-पाच तरबेज मुले चाळीस चढाया घेत. उरलेल्या पंधरांत सतराअठरा जण. त्या मुलाच्या वाट्याला आठवड्यात एखादी येत असेल किंवा नसेलही.

ज्या सभेत पाच जण बोलतात आणि दोनशे जण नुसते बसतात, ती संघटना संकटाच्या दिवशी टिकत नाही, हे आम्ही तीस वर्षे कामगारांना सांगत आलो. आणि संध्याकाळी मैदानावर नेमके तेच करीत होतो!

तेव्हापासून सरावाची मांडणी बदलली. आदल्या रात्री कागदावर लिहावयाचे, की उद्या शिकवावयाची गोष्ट कोणती. एकच. घोट्याची पकड, तर घोट्याची पकड. आरंभी दहा मिनिटे शिवाशिवीसारखा पळापळीचा खेळ. त्यात अंग गरम होते आणि नुसत्या फेऱ्यांचा कंटाळा येत नाही. मग पंधरा मिनिटे दोघादोघांच्या जोड्या, वजन पाहून लावलेल्या. पुढची तीस मिनिटे मैदानाचे चार लहान चौकोन आखून प्रत्येकात पाच-सहा मुले. एक चढाईला जातो, बाकीचे साखळी धरतात. मग दुसऱ्याची पाळी. चार ठिकाणी एकाच वेळी खेळ चालतो. अर्ध्या तासात एकशेवीस चढाया होतात आणि प्रत्येक मुलाला निदान पाच मिळतात. पूर्वी पाऊण तासाहून अधिक वेळात अडीच, आता अर्ध्या तासात पाच! यात पैसा लागत नाही, चुन्याची भुकटी लागते. शेवटी वीस मिनिटे सातसात जणांचा पूर्ण सामना आणि पाच मिनिटे मुलांनी बोलावयाचे. आज काय जमले, काय नाही, हे त्यांनी सांगावे, आम्ही ऐकावे.

आता मैदानाविषयी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकटते. भेगेत पाय अडकला, की गुडघा गेलाच. म्हणून जमीन खणून, खडे वेचून, चाळलेली माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून ती भुसभुशीत करावी. आणि पकड शिकविण्यापूर्वी पडावयास शिकवावे. हात ताठ टेकून पडणारा मुलगा मनगट किंवा खांदा दुखवून घेतो.

चैत्र-वैशाखात सराव पहाटेच व्हावा. ऊन चढण्यापूर्वी मुले घरी पोहोचली पाहिजेत. दर पंधरावीस मिनिटांनी पाणी. ‘पाणी पिणारा कच्चा’ ही जुनी समजूत खोटी आहे आणि ती जीव घेऊ शकते. सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये अर्धा तास विश्रांती हवी, हे 1948 च्या कारखाना कायद्यात मोठ्या माणसांसाठी लिहिले गेले. त्यामागे कामगारांच्या पिढ्यांचा झगडा होता. मग वाढत्या वयाच्या मुलाला विश्रांतीसाठी झगडावयास लावणारे आम्ही कोण?

मारण्याविषयी एकच शब्द. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. मैदानाला निराळा न्याय नाही. आपल्या भाषेत ‘दम’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. चढाई करणारा दम धरतो. रागावलेला माणूस दम देतो. शिकविणाऱ्याने पहिला शिकवावा, दुसरा विसरावा.

‘असे लाड केल्याने कोठे संघ जिंकतो काय?’ असे आपणांपैकी कोणी मनात म्हणत असेल. नाशिकच्या शैलजा जैन या प्रशिक्षिकेचे उदाहरण पाहा. त्या इराणच्या मुलींना कबड्डी शिकविण्यास गेल्या. तेथे त्यांनी मुलींची फारसी भाषा शिकून घेतली, सरावात योग आणि प्राणायाम आणला. भारताच्या महिलांनी 2010 आणि 2014 साली आशियाई सुवर्णपदक जिंकले होते; 2018 साली जकार्ता येथे अंतिम सामन्यात इराणने त्यांना 27-24 असे हरविले. आपला संघ हरल्याचे आम्हांलाही वाईट वाटले. पण जिने शिष्यांची भाषा आधी शिकली, तिच्या शिकविण्याला फळ आले, हे मान्य केले पाहिजे. आम्हांला तर आमच्याच बोलीतले एक वाक्य ऐकण्यास सहा महिने लागले.

ज्या तरुणांना हे काम शास्त्रशुद्ध शिकावयाचे असेल, त्यांना अमरावतीला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. पतियाळाला 1961 साली स्थापन झालेली राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. जरूर जावे. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी घड्याळ आणि वही घेऊन मैदानाच्या कडेला बसावे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे, त्याला किती वेळा खेळावयास मिळाले, याच्या रेघा ओढाव्यात. ज्या नावापुढे रेघ नाही, त्याच्यापासून दुसऱ्या दिवशीचा सराव सुरू करावा.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. आम्ही पुन्हा बोलावले. तो आला नाही. आज तो बाजारात पोती वाहतो आणि आमच्याच संघटनेचा सभासद आहे. दरसाल वर्गणीची पावती त्याच्या हाती देतो. तो हसून ‘काका, बरे आहात ना?’ म्हणतो. त्याने खेळ सोडल्याचे त्याला दुःख आहे की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला अजून झालेले नाही.

आसेगावच्या मैदानावरही अशी मुले उभी असतील. उद्या पहाटे आपण तेथे जावे, सामना पाहण्याऐवजी रांग पाहावी आणि शेवटी कोण उभा आहे, त्याचे नाव विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.