उदरातील सूक्ष्म सृष्टी आणि स्वमग्न बालक
(मठाच्या वर्धापनदिनी कामरेज येथे दिलेले व्याख्यान)



खानदेशातून येऊन सुरतेच्या वस्त्रव्यवसायात स्थिरावलेली पुष्कळ मराठी कुटुंबे तापीतीरावरील या परिसरात राहतात. अशा एखाद्या कुटुंबात कधी असे बालक असते, की ते हाकेस ओ देत नाही, दृष्टीस दृष्टी भिडवीत नाही, आणि ठराविक चार पदार्थांवाचून काही मुखात घेत नाही. त्याच्या आईस कोणी सांगते, सारा दोष पोटातील जंतूंचा आहे. अमुक चूर्ण द्या, तमुक अन्न बंद करा. यात तथ्य किती, हा आजचा प्रश्न.

या अवस्थेस आपण स्वमग्नता म्हणतो. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अशा ११ बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी कित्येकांस अगदी तान्हेपणापासून अन्न घेण्याची अडचण होती, ही गोष्ट त्यांनी तेव्हाच नोंदविली होती. ‘स्वमग्न’ हा शब्द ऐकून कोणी त्यात योग्याची समाधी पाहू नये, तसेच कोणाचा शापही पाहू नये. मातेच्या कोरड्या वागणुकीमुळे हे घडते, असा एक समज पश्चिमेकडे पुष्कळ वर्षे होता. तो खोटा ठरला आहे. ही मेंदूच्या घडणीतील जन्मजात भिन्नता असून तीत आनुवंशिक घटकांचा मोठा वाटा आहे.

आता उदराकडे वळू. मनुष्याच्या देहात सुमारे ३८ लाख कोटी सूक्ष्म जंतू वसती करतात, असा २०१६ सालचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. अन्नाचा न पचलेला भाग ते फोडतात आणि त्यातून निर्माण होणारी द्रव्ये रक्तात उतरतात. आतडे व मेंदू यांस जोडणारी एक मोठी नाडी आहे. शिवाय मेंदूत संदेश वाहणारे सेरोटोनिन नामक द्रव्य देहात जेवढे आहे, त्याचा सुमारे नऊ दशांश भाग आतड्यातच असतो. स्वमग्न बालकांत मलावरोध व पोटदुखीही पुष्कळ आढळते. तेव्हा विद्वानांस या दोहोंच्या संबंधाची शंका यावी, हे स्वाभाविकच होते.

२०१३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी स्वमग्नतेसारखी लक्षणे असलेल्या उंदरांस एक विशिष्ट जंतू देऊन त्यांच्या वर्तनात काहीसा पालट घडविला. २०१७ साली ॲरिझोनात १८ बालकांच्या आतड्यांत निरोगी माणसांचे जंतू सोडण्यात आले. त्यांच्या पोटाच्या तक्रारी पुष्कळ उतरल्या आणि वर्तनही सुधारलेले दिसले. तथापि तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला स्वमग्न बालकांचा दुसरा गट तेथे नव्हता, आणि उपचार चालू आहे हे पालकांस ठाऊक होते. आशेने पाहणाऱ्या डोळ्यांस सुधारणा लवकर दिसते.

आपल्या देशातही हा शोध झाला आहे. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला जातीचे जंतू विपुल असतात, असे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी दाखविले. पुढे २०१८ साली केरळ व भोपाळ येथील संशोधकांनी ३० स्वमग्न बालके व २४ निरोगी बालके यांची तुलना प्रसिद्ध केली. निरोगी बालकांत प्रिव्होटेलाचे कुल प्रबळ होते. स्वमग्न बालकांत मात्र लॅक्टोबॅसिलस अधिक निघाले. दह्याला विरजण लावणाऱ्या जंतूंचे हेच कुल होय! तेव्हा ‘दही वाढवा, दोष जाईल’ हा उपदेश किती घाईचा आहे, ते उघड होते.

येथे आपले न्यायशास्त्र उपयोगी पडते. पर्वतावर धूर दिसला, की तेथे अग्नी आहे, असे अनुमान आपण करतो. परंतु जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही. तप्त लोहगोलात अग्नी असतो, धूर नसतो. धुरास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. या दडलेल्या अटीस नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. केवळ साहचर्य पाहून कार्यकारणभाव ठरविणाऱ्याने आधी उपाधी शोधावी.

प्रस्तुत प्रकरणी ती उपाधी कोणती? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २४७ मुलांच्या मलातील जंतू तपासून २०२१ साली उत्तर दिले : आहार. स्वमग्नता व जंतू यांचा थेट संबंध त्यांस नगण्य आढळला. परंतु ज्या बालकाचे खाणे मोजक्या पदार्थांचे, त्याच्या आतड्यातील जंतूंची विविधताही कमी. म्हणजे जंतू बिघडले म्हणून बालक स्वमग्न झाले, यापेक्षा स्वमग्नतेमुळे खाणे आकुंचित झाले व त्यामुळे जंतू पालटले, हा क्रम अधिक संभवनीय दिसतो. शोध अजून चालू आहे. पण आज कोणी जंतूंच्या बळावर स्वमग्नता बरी करण्याची हमी देऊ लागल्यास तिजवर विश्वास ठेवू नये.

आयुर्वेदात मंदाग्नी हे रोगांचे मूळ मानले आहे, म्हणून ‘हे आमच्या पूर्वजांस ठाऊकच होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. जठराग्नी हा विचार निराळा, सूक्ष्मदर्शकाने दिसलेला जंतू निराळा. पूर्वजांनी दिलेली प्रमाणपरीक्षेची दृष्टी आपण वापरली, तर त्यांचा अधिक मान राहील.

मग आपण करावे काय? ज्यास बोलता येत नाही, त्यास पोट दुखते हेही सांगता येत नाही. ते किंचाळते, कपाळ आपटते, पोट दाबून बसते, आणि आपण त्यास हट्टी म्हणतो. अशा वेळी वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. मलावरोध दूर करणे हे स्वतःच पुण्यकर्म आहे, त्याने स्वमग्नता जावो वा न जावो. गहू व दूध बंद केल्याने गुण येतो, यास भक्कम पुरावा मिळालेला नाही. चारच पदार्थ खाणाऱ्याचे दोन काढून घेणे म्हणजे त्यास उपाशी ठेवणे होय. १९९९ व २०१६ च्या कायद्यांनी अशा व्यक्तींस संरक्षण व अधिकार दिले आहेत. त्यांची माहिती पालकांस करून द्यावी.

आणि मठाच्या पंगतीत असे बालक बसले, तर प्रसाद नाकारला म्हणून कोणी त्यास दटावू नये, त्याच्या आईकडे रोखून पाहू नये. त्यास कोरडा भातच हवा असेल, तर कोरडा भात वाढावा. नव्या पदार्थाचा एक घास पानात एका कडेस ठेवावा. आज नाही, तर महिन्याने तो हात लावील. त्या मातेस आपल्या शेजारी निश्चिंतपणे जेवता आले, तर आजच्या पंगतीचे सार्थक झाले असे मी समजेन. इति शम्.