तिसरा पेला होईपर्यंत

इथियोपियातल्या कॉफीचा विषय निघाला की लोक लगेच चवीवर घसरतात. मला चवीबद्दल बोलायचंच नाही, मला बोलायचंय तिसऱ्या पेल्याबद्दल. घरची बाई जमिनीवर ताजं गवत पसरते, धूप घालते, हिरव्या बिया धुऊन निखाऱ्यांवर परतते आणि त्या काळसर तेलकट झाल्या की धुरासकट तवा पाहुण्यांपुढून फिरवते. मग बिया कांडायच्या, जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या भांड्यात उकळायच्या आणि बिनकानाच्या इवल्या पेल्यांत ओतायच्या. चोथा तोच, पाणी तेवढं नवं. त्यामुळे दुसरी फेरी फिकी, तिसरी त्याहून फिकी. आणि नेमक्या या पाणचट पेल्याला तिथे मान आशीर्वादाचा! आपल्या पंगतीतला ताकभात आठवा. पोट श्रीखंडावरच भरलेलं असतं, पण ताकभात झाल्याशिवाय पंगत उठत नाही. भराभर जेवणाऱ्यालाही सावकाश जेवणाऱ्यासाठी पानावर थांबावं लागतं. तिसरा पेला हेच करतो, माणसांना बसवून ठेवतो.

कुणी म्हणेल, गप्पा काय कुठेही होतात, त्याला एवढा खटाटोप कशाला? इथे कॉफी पंगतीच्याही पुढे जाते. इथियोपियात ख्रिस्ती आणि मुसलमान एकमेकांनी कापलेलं मांस सहसा खात नाहीत, म्हणजे सणाची पंगत एक होणं अवघडच. कॉफीला ती आडकाठी नाही. एकेकाळी होती, बरं का! ऑर्थोडॉक्स चर्च कॉफीला मुसलमानांचं पेय मानून वर्ज्य करत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुसऱ्या मेनेलिक सम्राटाच्या काळात, ते निर्बंध सैलावले. ज्या पेयाने शेजारी वेगळा ओळखला जायचा, त्याच पेयासाठी आता शेजाऱ्याला हाक मारतात. देशात पिकणाऱ्या कॉफीतली साधारण निम्मी देशातच संपते, ती निव्वळ तलफ म्हणून नव्हे. घरातलं आजारपण, शेजारणीशी धरलेला अबोला, असले विषय पहिल्या पेल्याला कोण काढेल?

दुसरा आक्षेप खरा आहे. परतणं, कांडणं, ओतणं, सगळं बाईच्याच माथी. मात्र बैठकीची सूत्रंही तिच्याच हाती असतात, आणि त्यातून काय काय... असो, घड्याळ पुढे गेलंय. तेव्हा पुन्हा तेच सांगते: पर्यटकांना एक पेला पाजून उरकतात, तो समारंभ नव्हे. इथियोपियन घरून बोलावणं आलं, तर तास-दीड तास हाताशी ठेवून जा. नसेल तर दुसरा दिवस मागून घ्या.