नाशवंत शेतमाल, शीतगृह आणि आपण



संस्थेच्या कार्यक्रमात शीतगृहावर भाषण कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. शिक्षण, आरक्षण, धम्म हे आपले नेहमीचे विषय आहेत आणि ते राहतीलच. परंतु "शीतगृह काढायचे आहे, अनुसूचित जातीचा एखादा होतकरू मुलगा बघा, त्याच्या नावावर प्रकरण करू," अशी बोलणी हल्ली वस्त्या-वस्त्यांवर कानी येतात. आम्ही बँकेत कारकुनी करणारे. कर्जाची फाईल कशी उघडते आणि कशी बंद होते, किंवा कशी बंद होतच नाही, हे रोज पाहतो. म्हणून हा विषय आम्हीच मागून घेतला.

निमगाव केतकीला नाशवंत माल म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. पानमळ्यात खुडणी झाली, पाने लावून करंडीत भरली, की त्यापुढचा प्रत्येक तास मोजावा लागतो. पान पिवळे पडले की गिऱ्हाईक हात लावीत नाही. डाळिंब त्या मानाने दमदार, पेरू अगदीच नाजूक. तिकडे भिगवण-इंदापूरच्या बाजारात उजनीचा मासा बर्फावाचून दुपार काढीत नाही. आपल्या समाजात पानमळ्याचे आणि बागेचे मालक थोडे. खुडणारे, प्रतवारी करणारे, क्रेट उचलणारे हात मात्र पुष्कळ. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे एक-दोन एकर, तीही बहुधा जुन्या वतनाची. माल सडला तर मालकाचा नफा जातो, आणि दुसऱ्या दिवशीचा आपला रोज जातो.

आता एक तुलना पाहा. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ साली देशभरच्या नासाडीचा अहवाल दिला. त्यात पेरूचे नुकसान १५.८८ टक्के आणि टोमॅटोचे १२.४४ टक्के होते. दुधाचे मात्र ०.९२ टक्के. दूध तर पेरूहून कितीतरी लवकर नासते! मग असे का? कारण दुधासाठी गावोगाव संकलन केंद्र आहे, थंड करणारी टाकी आहे, टँकरची वेळ ठरलेली आहे आणि दहा दिवसांनी हिशेब हाती पडतो. एक म्हैस असलेल्या बाईचे दोन लिटरही त्याच टाकीत जाते. पेरूसाठी यातले काहीच नाही. म्हणजे माल टिकण्याचा प्रश्न मालाच्या स्वभावाचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे.

तोडलेले फळ जिवंत असते. ते श्वास घेते, ऊब सोडते, पाणी गमावते. तापमान दहा अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. भर दुपारी तोडलेले डाळिंब ढीग घालून ठेवले तर ढिगाच्या पोटात काय होत असेल ते ओळखा. म्हणून तोडणीनंतर पहिले काम म्हणजे शेतातली ऊब बाहेर काढणे. यालाच पूर्वशीतकरण म्हणतात. त्यानंतर साठवण, तीही फळागणिक वेगळी. द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपास, डाळिंबाला ५ ते ७, पेरूला ८ ते १०, केळीला १३-१४. केळी द्राक्षाच्या खोलीत ठेवली तर काळी पडतात. 'एक मोठी थंड खोली बांधू आणि सगळा माल ठेवू' असे जे समजतात, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

आपल्याकडे शीतगृह म्हटले की मोठी इमारतच डोळ्यांपुढे येते. पण राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राने २०१५ साली केलेल्या पाहणीत चित्र उलटे दिसले. देशाला शीतगृहांची जेवढी क्षमता हवी होती, त्यात तूट सुमारे १० टक्क्यांची होती. पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून, प्रत लावून, भरून, थंड करून पाठवण्याच्या जागा, सुमारे ७० हजार लागणार होत्या आणि होत्या फक्त २४९. शीतवाहने ६२ हजारांच्या आसपास हवी होती, होती १० हजारांहून कमी. भिंती उभ्या राहिल्या, पण शेतापासून भिंतीपर्यंतची वाट कोणी बांधली नाही.

याच ठिकाणी बाबासाहेबांची आठवण होते. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक प्रबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान आहे एवढ्यावरून तो तोट्याचा ठरत नाही. त्याला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड किती मिळते यावर ते ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. आपले विद्यार्थी बाबासाहेबांची घटना वाचतात, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, परंतु त्यांचे अर्थशास्त्रीय लेखन कपाटातच राहते. एक एकर डाळिंबवाल्याला शंभर वर्षांनंतरही तोच प्रश्न आहे. तो बाजारात माल घेऊन जातो तेव्हा त्याच्याजवळ थांबण्याची सोय नसते. आडत्याला ते ठाऊक असते. दोन दिवस माल टिकवता आला तर "आज हा भाव नको" म्हणता येते.

पण थंड खोली आपोआप भाव देत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९१ साली राज्य कृषी पणन मंडळाच्या पाठबळाने द्राक्ष बागाइतदारांच्या सहकारी संस्थांनी 'महाग्रेप्स' स्थापन केली. युरोपला द्राक्षे पाठवायची होती. पूर्वशीतकरणाची यंत्रे आणली, शीतगृहे बांधली, तरी सुरुवातीच्या काळात तिकडे माल नाकारला गेला. मण्यांचा आकार, घड हाताळण्याची रीत, खोक्यातली मांडणी, फवारणीचे अंश, सगळे शिकावे लागले. ते शिकले आणि टिकले, कारण मागे बागाइतदारांच्या संस्था होत्या आणि घाटा झाला तरी सोडून न जाणारे सभासद होते. बारामतीजवळ जळोचीला पणन मंडळाचे निर्यात सुविधा केंद्र आहे. विद्यार्थ्यांची सहल महाबळेश्वरला नेण्याऐवजी एकदा तिथे न्यावी. थंड खोलीपेक्षा प्रतवारीच्या ओळीत काय चालते ते पाहण्यासारखे असते.

आता हिशेब. शासनाच्या २०१४ च्या फलोत्पादन मार्गदर्शक सूचनांत ३० टनांच्या शीतखोलीचा खर्च १५ लाख धरला होता आणि सर्वसाधारण भागात ३५ टक्के अनुदान होते. आज खर्च वाढला आहे, नियमही बदलतात. आकडे फक्त समजण्यासाठी घ्या. १५ लाखांत ३५ टक्के म्हणजे ५ लाख २५ हजार अनुदान. स्वतःचे पाव भाग म्हणजे ३ लाख ७५ हजार. खरे कर्ज उरले ६ लाख. दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १० हजार हप्ता. वीज, राखणदार, दुरुस्ती मिळून महिना ३५ हजार समजा. एकूण ४५ हजार, म्हणजे दिवसाला दीड हजार.

३० टन म्हणजे २० किलोचे दीड हजार क्रेट. खोली भरलेली असेल तर एका क्रेटला दिवसाला १ रुपया पडला. पंधरा दिवस ठेवले तर किलोला ७५ पैसे. हे परवडते. आता खोलीत पाचशेच क्रेट आहेत असे धरा. वीज थोडी कमी जळेल, पण हप्ता आणि राखणदार तेच. क्रेटला ३ रुपये, किलोला सव्वादोन रुपये. आणि पाचशेही नसले तर? तेल्या रोगाने ज्यांच्या बागा गेल्या त्यांना विचारा, एका फळाच्या भरवशावर खोली बांधणे म्हणजे काय. भरलेले महिने किती आणि रिकामे किती, हे कागदावर मांडल्याशिवाय कोणी प्रकरण घेऊन आला तर आम्ही त्याला चहा देऊन परत पाठवतो.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात, चौथा अडचणीसाठी राखून. लोक बहुधा सगळे भांडवल भिंतीत घालतात आणि चौथा भाग राहतच नाही. कॉम्प्रेसर मे महिन्यात बिघडला की मेकॅनिकला द्यायला पैसे नसतात आणि आत लोकांचा माल असतो.

अनुदानाबद्दल मोठा गैरसमज आहे. अनुदान हातात येत नाही. काम पूर्ण होऊन पाहणी झाल्यावर ते बँकेकडे येते, वेगळ्या खात्यात राखून ठेवले जाते आणि कर्जफेडीत धरले जाते. तोवर पूर्ण रकमेचे व्याज चालू असते, ते आधी सोसावे लागते. २०२० च्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, सात वर्षांपर्यंत, अशी तरतूद आली. २०१६ ची स्टँड-अप इंडिया योजना तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठीच होती, १० लाख ते १ कोटी. तिची मुदत २०२५ मध्ये संपली. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. योजना येतात-जातात. अर्जाच्या दिवशी कोणती चालू आहे ते शाखेत विचारावे, गावातल्या दलालाला नव्हे. आणखी एक, वतनाची जमीन. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने गेली आणि जमिनी परत मिळाल्या त्या शर्तीवर. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर विक्रीला परवानगी लागते आणि तारणाच्या वेळी अधिकारी दहा प्रश्न काढतो. उतारा आधी काढून वाचावा.

आता ज्यासाठी आम्ही उभे राहिलो त्या गोष्टीकडे येतो. "तुझे फक्त नाव, बाकी सगळे आम्ही बघतो, महिन्याला काहीतरी मिळेल." दाखला आपला, सही आपली, खोलीची किल्ली दुसऱ्याकडे. प्रकल्प चालला तर नफा किल्लीवाल्याचा. बुडाला तर बँक किल्लीवाल्याकडे जात नाही. तिच्या कागदावर तो कोणीच नाही. नोटीस येते ती वस्तीवरच्या पत्र्याच्या घरी. नाव थकबाकीत गेले की सिबिलवर ते वर्षानुवर्षे दिसते. मग त्याच घरातली मुलगी नर्सिंगला लागली, शैक्षणिक कर्ज मागायला आली, बाप सहकर्जदार म्हणून सही करायला बसला, की पडद्यावर पहिले तेच येते. आमच्यासमोर अशा वेळी माणसे खाली मान घालून उठतात. ज्या दाखल्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी काय सोसले, तो दाखला महिन्याच्या दोन-चार हजारांवर भाड्याने द्यायचा? राग येतो, पण रागाने भागत नाही. हाती काम नसलेला मुलगा हो म्हणतो, कारण दुसरे कोणी त्याला काही विचारलेलेच नसते.

तेव्हा विचारणारे आपण व्हावे. भिंतीपासून सुरुवात करू नये. पंचवीस-तीस घरांनी मिळून आधी क्रेट घ्यावेत, प्रतवारीसाठी सावलीची शेड करावी, पहाटेच्या तोडणीची शिस्त लावावी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेली बिनविजेची शीतकक्षाची पद्धत आहे. विटांची दुहेरी भिंत, मधल्या पोकळीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर गवताचे झाकण. उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी उतरते. क्विंटलभर भाजी त्यात दोन-चार दिवस जास्त राहते. विहाराच्या मागे एक बांधायला विद्यार्थ्यांना रविवारचा एक दिवस पुरेल. त्याची आत-बाहेरच्या तापमानाची वही ठेवावी; पुढे बँकेत दाखवायला ती वही नुसत्या प्रकल्प अहवालापेक्षा बरी.

दुसरी पायरी उत्पादक कंपनीची. २००२ च्या दुरुस्तीने ती सोय कायद्यात आली. दहा उत्पादक पुरतात, आणि 'उत्पादक' या शब्दाची व्याख्या रुंद आहे. शेतमालाशी निगडित काम करणाराही त्यात बसू शकतो. म्हणजे वर्षानुवर्षे डाळिंबाची प्रत लावणाऱ्या आपल्या भगिनी केवळ रोजंदार राहण्याचे कारण नाही. डाळिंब हातात घेताच त्याचा भाव सांगणाऱ्या बाया या गावात आहेत. हे ज्ञान भागभांडवलात धरले जात नाही, एवढीच उणीव आहे.

मुलांना एकच सांगणे. आयटीआयमध्ये शीतकरण व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दूध, मासळी, फळे, औषधे, सगळीकडे ती यंत्रे आहेत आणि बिघडली की रात्री दोनला माणूस लागतो. सगळ्यांनीच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसावे असे नाही.

२०२० साली सांगोल्याहून किसान रेल सुटू लागली तेव्हा आपल्या भागातही मोठा उत्साह होता. भाड्यात ५० टक्के सवलत होती, डाळिंब थेट बिहारला जाऊ लागले. त्या गाड्या पुढे तशा राहिल्या नाहीत. ज्यांनी त्या काळात तिकडच्या व्यापाऱ्यांशी थेट ओळख जोडली त्यांच्या हाती काही उरले. सवलत चालू असताना ओळख, वही आणि राखीव रक्कम तयार करायची, हा बेत आपल्या गटानेही पहिल्या दिवसापासून ठेवावा.

ज्यांच्याकडे कोणी सहीसाठी कागद दिले असतील त्यांनी सही करण्यापूर्वी ते घेऊन यावे. कोरा अर्ज, कोरा धनादेश, कोरा स्टँपपेपर दिला असेल तर तो आधी परत मागावा. रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही विहारात असतो, चष्मा घेऊनच येतो.

जयभीम. नमो बुद्धाय.