उन्हात पळणारा स्नायू काय निरोप धाडतो?

इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली, जिथून ऐकत असाल तिथे तुमच्या ओळखीचा एखादा मुलगा फौजेच्या किंवा पोलिसांच्या भरतीसाठी पळत असेल. आजचं बोलणं त्याच्यासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी आहे.

मी डॉक्टर नाही, फौजी आहे. पण जवानांना पळवणाऱ्याला उष्माघात समजून घ्यावाच लागतो.

आपल्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग स्नायूंचा. पळताना ते जी ऊर्जा जाळतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीला लागतो. उरलेली सगळी उष्णता. म्हणजे भट्टी आपल्या आतच असते. म्हणून पहाटेच्या पीटीलाही उष्माघात होतो. हवा दमट असली की घाम सुकत नाही आणि उष्णता बाहेर पडत नाही.

पण स्नायू आणखी एक काम करतो. तो निरोप धाडतो. इंटरल्यूकिन-६ नावाचं एक प्रथिन आहे. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देतात, त्यातलंच हे एक. व्यायाम करताना स्नायू ते रक्तात सोडतात. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी अशा निरोपांना 'मायोकाइन' हे नाव दिलं.

आता उन्हाची गोष्ट. फ्लोरिडा विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले. शरीर खूप तापलं तेव्हा त्यांच्या स्नायूंत इंटरल्यूकिन-६ वाढलं, पण जंतुसंसर्गात त्याच्या जोडीने वाढणारा एक दाहक निरोप, टीएनएफ-अल्फा, सुरुवातीला उलट कमी झाला. म्हणजे तापलेल्या स्नायूचा निरोप संसर्गापेक्षा वेगळा असतो. तो हल्ल्याचा बिगुल कमी आणि सांभाळून घेण्याचा हुकूम जास्त वाटतो. इंटरल्यूकिन-६ आधीच दिलेल्या उंदरांच्या आतड्यांना उष्माघातात इजाही कमी झाली.

आतडी इथे महत्त्वाची. उन्हात पळताना रक्त त्वचेकडे आणि स्नायूंकडे वळतं, आतड्यांना कमी पडतं. त्यांचं अस्तर झिरपू लागतं, जिवाणूंचं विष रक्तात उतरतं आणि सगळीकडे दाह पेटतो. ज्याला कालच ताप किंवा जुलाब होते, त्याच्या अंगात संसर्गाची घंटा आधीच वाजत असते. त्यावर ऊन आणि मेहनत चढली की धोका फार वाढतो. नुकतंच झालेलं आजारपण हे उष्माघाताचं मान्य कारण आहे.

मग करायचं काय?

पहिलं, उन्हाची सवय १० ते १४ दिवसांत हळूहळू लावा. या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, आणि पेशी स्वतःला सावरणारी प्रथिनं साठवतात.

दुसरं, मेहनतीनंतर लघवी काळपट, चहासारखी झाली तर थेट डॉक्टरकडे जा. स्नायू तुटून त्यांचा माल मूत्रपिंडात अडकत असू शकतो.

तिसरं, पळणारा बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर उष्माघातच समजा. आधी गार करा, मग रवाना करा. गार पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. टब नसेल तर अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला. अर्ध्या तासाच्या आत शरीर ४० अंशांच्या खाली यायला हवं. पॅरासिटामोल देऊ नका. तापात मेंदूच तापमान चढवायचा हुकूम देतो, तो हुकूम ही गोळी मोडते. इथे तसा हुकूमच नसतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणीही घालू नका.

चौथं माझ्यासारख्यांसाठी, उस्तादांसाठी आणि वडिलांसाठी. "रात्री ताप होता" म्हणणाऱ्या मुलाला कामचुकार म्हणू नका. त्याला दोन दिवस मैदानाबाहेर बसवा. भरती पुन्हा निघेल.

जय हिंद.