शेवट कापलेलं नाटक



२०१८ साली एक व्हिडिओ देशभर मोबाइलवरून फिरत होता. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. सोबत मजकूर असायचा की, मुलं पळवणारी टोळी आली आहे. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली छोटी फिल्म होती. तिच्या शेवटी तेच दोघं परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. ते नाटक होतं, त्याची अफवा झाली.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं होती ती. त्याच्या तीनच दिवस आधी त्रिपुरात, ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं लाउडस्पीकरवरून सांगत फिरणाऱ्या माणसालाच जमावानं मारलं. म्हणजे नुसती दवंडी पिटून भागत नाही.

मी तीस वर्षांहून जास्त काळ फौजेत होतो. तिथे अफवेला ‘लंगर गप’ म्हणतात. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. रजा बंद होणार, पलटण हलणार, अशा बातम्या आधी तिथे शिजतात! त्यावर इलाज असतो तो रिपोर्ट देण्याच्या शिस्तीचा. पहाऱ्यावरचा जवान म्हणाला, ‘साहेब, पलीकडे हालचाल आहे,’ की आम्ही विचारणार: कोणी पाहिलं? कुठे? किती वाजता? तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस?

निवृत्तीनंतर मी सिकंदराबादेत राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथल्या मराठी घरांतली मुलं जमवतो आणि हेच चार प्रश्न त्यांना शिकवतो. पण भाषण देऊन नाही. आमच्याच तेलंगणात, जोगुळांबा गदवाल जिल्ह्यात, २०१८ मध्ये तेव्हाच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी अफवांविरुद्ध लोकगायक आणि ढोलवादक गावोगाव पाठवले होते. कारण साधं आहे. अफवा तोंडी लागते म्हणून पसरते. तिचं उत्तरही तोंडी लागेल असंच हवं.

आमचं नाटक दोनदा होतं. पहिल्यांदा शेवट गाळून. एक माणूस रडणाऱ्या मुलीचा हात धरून तिला घेऊन चाललाय, एवढंच दिसतं. मी प्रेक्षक मुलांना विचारतो, काय पाहिलंत? ‘चोर!’ सगळे एकसुरात ओरडतात. मग पूर्ण नाटक होतं. मुलगी जत्रेत हरवलेली आहे आणि तो तिला पोलीस चौकीवर नेतोय. मुलं चिडतात, ‘आजोबा, तुम्ही फसवलंत!’ मी म्हणतो, चिडा. मोबाइलवर अर्धवट व्हिडिओ आला की असंच चिडायचं आणि विचारायचं, याचा शेवट कुठे आहे?

मग येते हलगी. एक जण अफवा गातो, दुसरा त्यात मीठमसाला घालतो. प्रत्येक कडव्यानंतर कोरस ठेक्यावर विचारतो: ‘कोणी पाहिलं? कुठे पाहिलं? कधी पाहिलं? स्वतः पाहिलं?’ उत्तर आलं नाही की हलगी थांबते. गाणारा तिथेच गप्प. ती शांतता मुलांना फार आवडते. पुढे घरात कुणी ‘अमुक ग्रुपवर आलंय’ म्हणालं की पोरं टेबलावर तोच ठेका वाजवतात.

सर्वांत अवघड भूमिका परक्या माणसाची. त्याला इथली भाषा येत नाही. तो पत्ता विचारतो, लोक गोळा होतात, आवाज चढतात. ही भूमिका मी प्रत्येक मुलाला एकदा तरी करायला लावतो. घोळक्याच्या मधोमध उभं राहिलं की मोठमोठ्या वर्गातल्या मुलांचाही घसा कोरडा पडतो. आपण मराठी माणसं इंदूरपासून तंजावरपर्यंत पसरलेलो आहोत. रात्री अनोळखी गावात गाडी बंद पडली, तर तिथला परका कोण? आपणच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. कुणावरही डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी शिकवत नाही. मुलं हरवतात, पळवलीही जातात. संशय आला तर घरच्या मोठ्यांना सांगायचं, ११२ किंवा मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ वर फोन करायचा. गर्दीला हाक मारायची नाही. कारण पोलीस आधी प्रश्न विचारतात, गर्दी आधी हात उगारते.

तुमच्या सोसायटीत, शाळेत, गणेशोत्सवात हे करून पाहा. रंगमंच नको, पडदा नको. दहा मुलं, एक हलगी आणि चार प्रश्न पुरेत. हलगी नसेल तर स्टीलचं ताट घ्या. आणि परक्या माणसाची भूमिका एकदा तुम्हीही करा.

जय हिंद.